पाच सेंटांचा दुकानदार

१९०६ सालच्या सुरुवातीला एक बुटका, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस शिकागोत दुकानासाठी गाळा शोधत हिंडत होता. वय ३९. विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश नावाच्या गावी एका कापडदुकानात त्याने बारा वर्षे काढली होती, आधी हिशेबनीस म्हणून आणि मग व्यवस्थापक म्हणून. मालकाच्या नात्यातल्याच मुलीशी लग्न झाले होते. तरीही पगारावरून मालकाशी वाजले आणि गडी साठवलेली पुंजी घेऊन बाहेर पडला. आता स्वतःचे दुकान टाकायचे होते. कोणतीही वस्तू पाच किंवा दहा सेंटांना, असल्या दुकानांची तेव्हा अमेरिकेत चलती होती.

गाळा पाहता पाहता त्याला एक रांग दिसली. रांगेच्या टोकाला एक रिकामे दुकान होते, आत खुर्च्या आणि भिंतीवर पांढरा पडदा. माणसे पाच सेंट देत होती, आत जात होती, थोड्या वेळाने रिकाम्या हातांनी बाहेर येत होती. तरी खूश दिसत होती! आपण तिथे उभे राहून किती माणसे आत गेली ते मोजत बसलो, असे तो पुढे सांगत असे. मोठेपणी सांगितलेल्या गोष्टीत थोडा मसाला असणारच. पण या गृहस्थाचे पुढचे आयुष्य पाहिले, तर हा मोजण्याचा प्रसंग खरा असावा असे मला वाटते.

या गृहस्थाचे नाव कार्ल लेम्ली. जन्म १७ जानेवारी १८६७, जर्मनीतल्या लाउपहाइम या गावी, एका ज्यू कुटुंबात. आई गेल्यावर १७ व्या वर्षी, १८८४ मध्ये, तो बोटीने अमेरिकेला आला. पडेल ते काम केले, शेतावरसुद्धा राबला. चित्र, नाटक, छायाचित्रण यांपैकी कशाशीही त्याचा संबंध नव्हता. असा माणूस पुढे युनिव्हर्सल स्टुडिओचा धनी झाला, आणि आज आपण ज्याला सिनेउद्योग म्हणतो त्याच्या निम्म्या रीतीभाती त्याच्या गल्ल्यावर ठरल्या.

त्या पाच सेंटांच्या खेळात कापडवाल्याला एवढे काय दिसले? मला वाटते, त्याला दिसली ती धंद्यातली जवळजवळ जादू. बारा वर्षे त्याने कोट विकले होते. कोट विकला की मांडणीवरून एक कोट कमी होतो, तो पुन्हा भरावा लागतो. इथे गिऱ्हाईक पैसे देते, माल डोळ्यांनी घेऊन जाते, आणि माल जागेवरच राहतो! पुढच्या गिऱ्हाइकाला तोच द्यायचा. त्या काळच्या एका रिळात हजार फूट फिल्म मावे. फुटाला १६ चौकटी, आणि सेकंदाला साधारण १६ चौकटी सरकवायच्या. म्हणजे एक सेकंदाला एक फूट. हजार सेकंद, सुमारे १७ मिनिटे. दर तासाला तीन वेळा दुकान भरायचे आणि तीन वेळा रिकामे करायचे. असले पहिले गाजलेले 'निकेलोडियन' पिट्सबर्गमध्ये १९०५ च्या जूनमध्ये निघाले होते. लेम्लीने आपले थिएटर २४ फेब्रुवारी १९०६ रोजी शिकागोच्या मिलवॉकी अव्हेन्यूवर उघडले आणि दर्शनी बाजू पांढरीशुभ्र रंगवून घेतली. नावही तेच ठेवले: व्हाइट फ्रंट. तेव्हा असली ठिकाणे कळकट समजली जात, बायकामुलांना घेऊन तिथे जायची सोय नसे. पांढरा रंग सांगत होता की इथे घरचे लोक आणा.

पण या जादूत एक मेख होती. माल संपत नसला तरी शिळा होतो. आळीतली माणसे तीच ती. काल पाहिलेले आज पुन्हा कोण पाहणार? थिएटरवाल्याला रोज नवे रीळ हवे. रिळे विकत घेत बसला तर दिवाळे निघेल. त्यामुळे मधला एक धंदा जन्माला आला: रिळे विकत घ्यायची आणि थिएटरांना भाड्याने फिरवायची. लेम्लीला भाड्याने मिळणारी रिळे घासलेली, तुटकी असत आणि वेळेवर येत नसत. त्याने त्याच वर्षी स्वतःची भाड्याची पेढी काढली आणि दोन-तीन वर्षांत ती देशातल्या सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी एक झाली. चित्रपट बनवणे अजून दूरच होते. आधी प्रेक्षक, मग वाटप, मग निर्मिती. लेम्ली सिनेमात मागच्या दाराने शिरला.

निर्मितीत तो उतरला तो भांडणामुळे. भांडण समजून घ्यायला यंत्राच्या पोटात शिरावे लागते.

सिनेमाचे यंत्र दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी करते. रीळ अखंड, एका गतीने उलगडत असते. पण भिंगासमोरच्या खिडकीत प्रत्येक चौकट क्षणभर पूर्ण थांबावी लागते, नाहीतर चित्र फिसकटेल. थांब, सरक, थांब, सरक, सेकंदाला १६ वेळा. आता एकीकडे सतत ओढ आणि दुसरीकडे हिसके, अशी फिल्म किती टिकणार? लहानशी असेल तर निभावेल. लांब, जड रीळ असेल तर हिसक्याचा सगळा भार कडेच्या भोकांवर येतो आणि फिल्म फाटते. त्यामुळे सुरुवातीच्या यंत्रांत मिनिटभराच्या आसपासचे तुकडेच चालत.

उपाय इतका साधा आहे की ऐकल्यावर हसू येते. खिडकीच्या वर आणि खाली फिल्म थोडी सैल सोडायची. एक ढिला वेढा. हिसका बसतो तो त्या सैल वेढ्याला. मागच्या जड रिळाला त्याची खबरही लागत नाही. शिंप्याच्या यंत्रात सुई खाली जाताना दोरा क्षणभर सैल पडतो, तसेच काहीसे. १८९५ च्या सुमारास वुडव्हिल लॅथम आणि त्याच्या मुलांच्या कारखान्यात ही युक्ती वापरात आली. मुष्टियुद्धाचे लांब चित्रण दाखवायचे होते, ते तुकड्यांत कसे दाखवणार? म्हणून तो खटाटोप. वेढ्याला नाव पडले 'लॅथम लूप', आणि १९०२ मध्ये त्याला पेटंट मिळाले.

पेटंट कशाचे, तर फिल्म सैल सोडण्याचे! फिल्मवर चालणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांना आणि प्रक्षेपकांना हा वेढा लागतो. त्यामुळे ज्याच्या हातात हा कागद, त्याच्या हातात साऱ्या धंद्याचे नाक. १९०८ च्या डिसेंबरात थॉमस एडिसन, बायोग्राफ, व्हायटाग्राफ, पाथे वगैरे दहा बड्या मंडळींनी आपापली पेटंटे एका मडक्यात घातली आणि मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी काढली. लोक तिला नुसते 'ट्रस्ट' म्हणत. कॅमेरा वापरायचा तर परवाना. प्रक्षेपक चालवायचा तर थिएटरवाल्याने आठवड्याला दोन डॉलर द्यायचे. कोरी फिल्म बनवणाऱ्या ईस्टमनशी करार असा की माल ट्रस्टवाल्यांनाच मिळेल. कच्चा माल, यंत्र, वाटप आणि पडदा, चारही दारांना एकच कुलूप. कुणाचे नाटक आपल्या तालमीवाचून होऊ द्यायचे नाही असा हा बंदोबस्त होता.

लेम्लीने सुरुवातीला परवाना घेतला आणि १९०९ च्या एप्रिलमध्ये तो सोडला. सोडला म्हणजे दवंडी पिटून सोडला. रॉबर्ट कॉक्रेन हा त्याचा भागीदार मूळचा जाहिरातवाला. ऑशकॉशच्या दुकानाच्या जाहिराती त्यानेच लिहिल्या होत्या. या दोघांनी धंद्याच्या साप्ताहिकांत ट्रस्टची टर उडवणाऱ्या जाहिराती नि व्यंगचित्रे छापायचा सपाटा लावला. ट्रस्टने पुढे जनरल फिल्म नावाची वाटप कंपनी काढली, तेव्हा यांनी 'जनरल फ्लिम्को' नावाचे एक फुगीर सेनापतीचे पात्र काढले आणि दर आठवड्याला त्याला बदडले.

पण टर उडवून थिएटरात रिळे पोचत नाहीत. ट्रस्टचा माल बंद झाल्यावर भाड्याने काय द्यायचे? मग आपणच बनवू! असे म्हणून लेम्लीने इंडिपेंडंट मूव्हिंग पिक्चर्स, थोडक्यात 'इम्प', ही कंपनी काढली. तिचे पहिले चित्र 'हायवॅथा' ऑक्टोबर १९०९ मध्ये पडद्यावर आले, एकच रीळ. कोरी फिल्म फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या कारखान्यातून येई. ट्रस्टचे वकील आणि हेर मागावर असत. कुणाच्या कॅमेऱ्यात तो सैल वेढा आहे हे पाहायला टपलेले. १९११ च्या सुरुवातीला इम्पची एक तुकडी नटी मेरी पिकफर्ड आणि दिग्दर्शक थॉमस इन्स यांच्यासह थेट क्यूबाला जाऊन चित्रीकरण करून आली. लेम्लीविरुद्ध एकूण २८९ दावे लागले असा आकडा नेहमी सांगितला जातो. आकड्यावर वाद घालता येईल, पण वकिलांची चैन झाली असणार यात शंका नाही.

१९१२ च्या ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने लॅथमच्या वेढ्यावरचा हक्क फेटाळला. १ ऑक्टोबर १९१५ रोजी संघीय न्यायालयाने अख्खा ट्रस्टच बेकायदा ठरवला. फिल्म सैल सोडायला जग मोकळे झाले.

आपल्याकडे मात्र ती आधीपासूनच मोकळी होती, हे जाता जाता सांगायला हवे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि दादरच्या घरात, स्वयंपाकघरापर्यंत पसारा मांडून 'राजा हरिश्चंद्र' पुरा केला. काही वर्षांनी बाबूराव पेंटर आणि दामले यांनी कोल्हापुरात कॅमेराच घडवला. कुणी नोटीस घेऊन आले नाही. पण गंमत पाहा: फाळके स्वतः छायाचित्रकार, रसायनज्ञ, जादूगार, दिग्दर्शक, हातांत सगळ्या कला, आणि पैशाची तंगी जन्मभर. लेम्लीच्या हातात एकही कला नाही. दोघांमध्ये तीन वर्षांचेच अंतर, फाळके धाकटे. या दोघांना एका पेढीत बसवून पाहण्याचा मोह मला आवरत नाही.

आता फ्लॉरेन्स लॉरेन्सची गोष्ट. तेव्हा चित्रपटात नटनट्यांची नावे सहसा देत नसत. निर्मात्यांचा हिशेब सरळ होता: नाव झाले की पगार वाढवावा लागेल. बायोग्राफच्या चित्रांत एक देखणी मुलगी सारखी दिसे, प्रेक्षक तिच्यावर जीव टाकत आणि तिला नुसते 'बायोग्राफ गर्ल' म्हणत. तीच फ्लॉरेन्स. लेम्लीने तिला १९०९ मध्ये आपल्याकडे घेतले. मार्च १९१० मध्ये 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' साप्ताहिकात इम्पची जाहिरात झळकली. आशय असा, की आमच्या मिस लॉरेन्स ट्रामखाली सापडून वारल्या अशी खोटी बातमी आमच्या शत्रूंनी सेंट लुईसमध्ये उठवली आहे. ती धादांत खोटी असून बाई ठणठणीत आहेत आणि त्यांचे नवे चित्र येत आहे. त्या घाईत चित्राचे नावही चुकले, 'मोडलेली शपथ'च्या जागी 'मोडलेले स्नान' छापले गेले. तिच्या मरणाची बातमी मात्र पुढे शोधणाऱ्यांना कुठल्या वर्तमानपत्रात सापडली नाही. अफवा आणि तिचा इन्कार, दोन्ही एकाच दुकानातला माल.

मग महिनाअखेरीस फ्लॉरेन्सला जिवंत दाखवायला सेंट लुईसला नेले. स्टेशनावर लोकांची झुंबड. ज्या बाईचा आवाज कुणी ऐकला नव्हता, जिचे नाव कालपरवापर्यंत माहीत नव्हते, तिला डोळ्यांनी पाहायला माणसे एकमेकांना रेटत होती. फिल्मस्टार नावाची वस्तू एका दिवसात जन्मली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण दुसऱ्या कंपन्यांतही तशी हालचाल चालू होती. पण इतक्या निर्लज्ज मजेत ती कुणी बाजारात मांडली नव्हती. पाठोपाठ मेरी पिकफर्ड आठवड्याला १७५ डॉलरवर इम्पमध्ये आली. निर्मात्यांची भीती खरी ठरली, पगार वाढले. लेम्लीने ती भीती धंद्यात घातली, एवढेच.

८ जून १९१२ रोजी इम्प आणि ट्रस्टबाहेरच्या आणखी काही कंपन्या मिळून युनिव्हर्सल उभी राहिली. भागीदार एकापेक्षा एक तिरसट. पॅट पॉवर्सने हिशेबाच्या वह्या खिडकीतून रस्त्यावर भिरकावल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. अशी चुरस आठ वर्षे चालली आणि १९२० मध्ये लेम्ली-कॉक्रेन जोडीने पॉवर्सचा हिस्सा विकत घेतला. दरम्यान १९१३ च्या अखेरीस सहा रिळांचे 'ट्रॅफिक इन सोल्स' निघाले. सहा हजार डॉलरांच्याही आत तयार झालेल्या या चित्राने लाखो मिळवले. ते लेम्लीच्या नकळत चोरून चित्रित केले अशी दंतकथा आहे. खरे-खोटे काही असो, एका रिळाचे दिवस सरले हे तेव्हा कळायला हवे होते. लेम्लीला ते मनापासून कधी पटले नाही, आणि त्याची किंमत त्याने मोजली. पण ते पुढे.

१९१४ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या टेकड्यांपलीकडे २३० एकरांचे एक कुरण १,६५,००० डॉलरांना घेतले. १५ मार्च १९१५ रोजी तिथे 'युनिव्हर्सल सिटी' उघडली. सिटी म्हणजे खरोखरची: पोस्ट, इस्पितळ, शाळा, पोलीस, प्राणिसंग्रहालय. पोलीसप्रमुख होती एक नटी, लॉरा ओकली. तिने फाटकाची सोनेरी किल्ली लेम्लीच्या हाती दिली आणि गर्दी आत घुसली. पाहुण्यांसाठी एक धरण फोडून पुराचे दृश्य दाखवले गेले. दुसऱ्या दिवशी मात्र कसरती करणारा वैमानिक फ्रँक स्टाइट्स सगळ्यांच्या देखत विमान कोसळून मेला. आणि त्याच साली शरदात, ट्रस्टचा निकाल लागला त्याच महिन्यात, खुद्द एडिसन हे शहर पाहायला आला. पाहुणा म्हणून!

हे शहर इथे का? उन्हासाठी. त्या काळची फिल्म मंद होती, तिला भरपूर प्रकाश लागे आणि विजेचे दिवे महाग. म्हणून रंगमंच उघड्यावर, छप्पर नाही. वर तारांवर पांढरे मलमलीसारखे कापड ताणायचे, म्हणजे कडक सावल्या मऊ होतात. कापड पुढेमागे ओढले की ऊन कमीजास्त. खाली एकाच लांबलचक फलाटावर शेजारी शेजारी दिवाणखाना, तुरुंग, राजवाडा. एकीकडे कुणी मरते आहे, शेजारी लग्न चालू. आवाज मुद्रित होत नसल्याने कुणाला कुणाचा उपद्रव नाही. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडतो आहे, कोपऱ्यात व्हायोलिनवाला नटीला रडू यावे म्हणून सूर धरून बसला आहे. मूकपटाच्या चित्रीकरणाइतकी गोंगाटाची जागा दुसरी नसेल.

आणि हा गोंगाट पाहून लेम्लीच्या डोक्यातला दुकानदार जागा झाला. बनताना पाहायलाही लोक येतील की! त्याने रंगमंचाभोवती बाके टाकली आणि २५ सेंट लावले, त्यात जेवणाचा डबा. प्रेक्षकांनी खलनायकाला हुर्यो करावा, नायकाला टाळ्या द्याव्यात. कॅमेऱ्याला काय त्याचे? एकच चित्र बनताना विकायचे आणि बनल्यावरही विकायचे. आवारात त्याने कोंबड्याही पाळल्या होत्या, त्यांची अंडी विकली जात. २३० एकरांत काही वाया जाऊ द्यायचे नाही. पुढे बोलपट आले, सेटवर शांतता लागू लागली आणि पाहुण्यांची ही फेरी बंद पडली. १९६४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. आज लॉस एंजेलिसला जाणारी आपली मंडळी जिची तिकिटे आधीच काढून ठेवतात, ती हीच.

या शहरातली दुसरी नवलाई अलीकडे अभ्यासकांनी वर काढली. १९१२ ते १९१९ या काळात युनिव्हर्सलमध्ये ११ स्त्रियांनी दिग्दर्शन केले, आणि त्यांच्या नावावर किमान १७० चित्रपट आहेत. लोइस वेबर, क्लिओ मॅडिसन, आयडा मे पार्क, रूथ अॅन बाल्डविन, एल्सी जेन विल्सन. वेबरबाईंची गणना तर त्या वेळच्या सर्वाधिक पगाराच्या दिग्दर्शकांत होई. लेम्ली स्त्रीमुक्तीवाला होता असे नव्हे. आठवड्याला ढीगभर रिळे बाहेर काढायची होती. ज्याला जमते त्याने करावे. दशक संपताना धंदा मोठा झाला, बँका आल्या, कामांच्या उतरंडी ठरल्या आणि बायका हळूहळू दिग्दर्शनाच्या खुर्चीवरून दूर झाल्या. म्हणजे घाईगर्दीच्या कारखान्यात दार उघडे होते, आणि शिस्तीच्या कचेरीत ते लागले. हे मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत विचार करायला लावणारे प्रकरण वाटते.

माणसे हेरण्यात तो पटाईत होता, ठेवण्यात नव्हे. हॅरी कोन त्याचा चिटणीस होता, तो जाऊन कोलंबियाचा धनी झाला. आयर्व्हिंग थालबर्गही त्याच्या न्यूयॉर्कच्या कचेरीतला पोरगेलासा चिटणीस. विशीत पाऊल पडते न पडते तोच लेम्लीने त्याला अख्खी युनिव्हर्सल सिटी सांभाळायला दिली. चेकवर सही करायचे कायदेशीर वय नसलेला हा मुलगा एरिक फॉन स्ट्रोहाइमसारख्या उधळ्या, हटवादी प्रतिभावंतापुढे उभा राहिला. 'फूलिश वाइव्ह्ज'साठी स्ट्रोहाइमने कॅलिफोर्नियात मोंटे कार्लोचा चौक उभारला. खर्च दहा लाख डॉलरांवर गेला. लेम्लीच्या जाहिरातवाल्यांनी त्या उधळपट्टीचीच जाहिरात केली, ब्रॉडवेवर दिव्यांच्या फलकावर खर्चाचा आकडा लावला, आणि दिग्दर्शकाच्या नावातल्या पहिल्या अक्षराजागी डॉलरची खूण घातली. पुढच्या चित्राच्या वेळी थालबर्गने स्ट्रोहाइमला मधूनच काढून टाकले. स्टुडिओ मोठा की दिग्दर्शक, याचा निकाल १९२२ मध्ये त्या पोराने लावला. १९२३ च्या आरंभी थालबर्गही सोडून गेला, लुई मेयरकडे.

तो गेल्यावरही दोन प्रचंड चित्रे आली: लॉन चेनीचा 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम' १९२३ मध्ये आणि 'फँटम ऑफ द ऑपेरा' १९२५ मध्ये. फँटमसाठी उभारलेल्या ऑपेरागृहाचा सांगाडा स्टुडिओत २०१४ पर्यंत उभा होता. पण युनिव्हर्सलचा रोजचा भाकरतुकडा हा नव्हता. गावोगावच्या छोट्या थिएटरांसाठी घोडेस्वारांची चित्रे, दोन रिळांचे विनोद, आठवड्याला एक भाग अशा साहसमालिका, हा तिचा खरा माल. तो जगभर जाई. १९१६ मध्ये युनिव्हर्सलने हिंदुस्थानात कचेरी उघडली. हॉलिवूडच्या कंपनीची ही इथली पहिली मानतात. मुंबईच्या स्वस्त बाकांवर बसलेल्या पोरांना एडी पोलो हा युनिव्हर्सलचा कसरतपटू चांगलाच ओळखीचा होता. इकडे प्रतिस्पर्धी पॅरामाउंट वगैरे मंडळी मोठ्या शहरांतली आलिशान थिएटरेच विकत घेत होती. लेम्लीकडे थिएटरांची तशी साखळी नव्हती. ज्याने एका पांढऱ्या दर्शनी थिएटरापासून सुरुवात केली, त्याच्याच हाती शेवटी पुरेसे पडदे नव्हते.

घरचा कारभारही अजब. सगळे त्याला 'अंकल कार्ल' म्हणत, आणि बऱ्याच जणांचा तो खरोखरच काका-मामा लागत असे. लाउपहाइमकडचे कुणी नातलग आले की त्याला स्टुडिओत चिकटवायचे. पगारपत्रकावर सत्तर नातेवाईक होते असे म्हणत. ऑग्डन नॅश या विनोदी कवीने त्यावर एक द्विपदी केली ती अजून सांगतात. या गोतावळ्यात भरताड पुष्कळ होती, पण लांबच्या नात्यातला एक पोरगा १९२० मध्ये आला आणि हरकाम्यापासून शिकत गेला: विल्यम वायलर. पुढे त्यानेच 'बेन-हर' केला. मुलाला, ज्युनियर लेम्लीला, त्याच्या २१ व्या वाढदिवसाच्या सुमारास बापाने स्टुडिओच देऊन टाकला. लोक हसले. पण त्या मुलाने 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' काढून ऑस्कर मिळवले, आणि १९३१ मध्ये एकाच वर्षात 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' दिले. खर्चाचा हात मात्र त्याला धरता आला नाही. मंदीत 'शो बोट' पुरा करायला साडेसात लाख डॉलरांचे कर्ज घेतले, बदल्यात स्टुडिओ विकत घेण्याचा हक्क लिहून दिला, आणि सावकारांनी १९३६ च्या मार्चमध्ये तो बजावला. चित्र पुढे चांगले चालले. फायदा नव्या मालकांना.

स्टुडिओ गेल्यावर ६९ वर्षांच्या लेम्लीने एक वेगळाच हिशेब उघडला. लाउपहाइमशी त्याचे नाते विचित्र होते. पहिल्या महायुद्धात युनिव्हर्सलने कैसरला राक्षस दाखवणारे चित्र काढले तेव्हा गावकरी संतापले. युद्धानंतर त्याने गावाला इतकी मदत पाठवली की एका रस्त्याला त्याचे नाव दिले गेले. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनमध्ये 'ऑल क्वाएट'च्या खेळात नाझी पुढारी गोबेल्सच्या माणसांनी उंदीर सोडले आणि दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या. आठवड्याभरात चित्रावर बंदी आली. नाझी सत्तेवर आल्यावर रस्त्याचे नावही गेले. जर्मनीतून बाहेर पडणाऱ्या ज्यूंना अमेरिकेत यायचे तर कुणी अमेरिकन माणसाने 'याचा भार मी उचलीन' असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. लेम्ली ती देत सुटला: लाउपहाइमच्या लोकांना, ओळखीच्यांना, मग अनोळखींनाही. त्याच्या कागदांमुळे सुटलेल्यांची संख्या तीनशेहून अधिक सांगतात. १९३८ मध्ये स्टुटगार्टचा अमेरिकन वाणिज्यदूत कुरकुरू लागला, की हा माणूस इतका म्हातारा, याच्या हमीचा भरवसा काय? लेम्लीने थेट परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना पत्र लिहिले आणि ओळखीच्या इतर धनिकांच्या मागे लागला, की मला अडवतात तर तुम्ही सह्या करा. २४ सप्टेंबर १९३९ रोजी तो वारला. युद्ध सुरू होऊन तेवीसच दिवस झाले होते.

त्याच्या मूकपटांचे काय झाले, ते असे. जुनी फिल्म नायट्रेटची. पेट घेणारी, सडणारी, जागा अडवणारी. तिच्यावरच्या थरात मात्र चांदी असते, ती वितळवून काढता येते. १९४८ मध्ये युनिव्हर्सलने उरलेल्या मूकपटांच्या मूळ निगेटिव्हांचा साठा नष्ट केला. पण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लेम्लीच्या कंपनीने एक जोडधंदा चालवला होता: घरी छोटा प्रक्षेपक असलेल्यांना १६ मिलिमीटरच्या प्रती भाड्याने देण्याचा. या अरुंद प्रती पेट न घेणाऱ्या फिल्मवर असत. 'हंचबॅक'ची ३५ मिलिमीटरची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. लॉन चेनी नोत्र दामच्या कठड्यावरून लोंबकळताना आपल्याला दिसतो, तो त्या भाड्याच्या प्रतींवरून.